जुनी चेनसॉ पुन्हां चालू करणें

फळबागेच्या मालकास झाडें लावण्याप्रमाणें तीं तोडण्याचेंही काम पडतें. वठलेला आंबा, वाऱ्यानें आडवा झालेला माड, बांधावर माजलेली सुबाभूळ, पावसाळ्यापूर्वीं सांठवावयाचें सरपण, या सर्वांस पूर्वीं दोन गडी, कुऱ्हाड आणि आडवी करवत लागे. आतां हें काम पुष्कळ ठिकाणीं पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, म्हणजे सर्वांच्या तोंडीं रुळलेली चेनसॉ, करिते. ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगड जिल्ह्याचा किनारा गांठला आणि पुढील वर्षाच्या मे महिन्यांत तौक्ते वादळ कोंकण किनाऱ्याजवळून गेलें. त्या वेळीं पडलेले माड व पोफळी वाटेंतून हलविण्यास या यंत्राचा किती उपयोग झाला, हें तिकडील बागाईतदारांस सांगावयास नको. परंतु गरज सरली कीं यंत्र पडवींत जातें. टांकींत राहिलेलें पेट्रोल आटतें, रबर कडक होतें, आणि वर्षा-दोन वर्षांनीं दोरी ओढून ओढून खांदा भरून आला म्हणजे "हें आतां गेलें" असा निकाल देऊन मालक तें मिळेल त्या किंमतीस काढून टाकतो.

अशा यंत्रांपैकीं पुष्कळ केवळ उपाशी असतात. त्यांस स्वच्छ पेट्रोल, योग्य हवा आणि चांगली ठिणगी मिळाली कीं तीं पुन्हां कामास येतात. कांहीं मात्र आंतून जळालेलीं असतात. या दोहोंतील भेद ओळखणें आणि दोषाच्या मुळापर्यंत जाणें, एवढाच या लेखाचा विषय आहे. यंत्र बंद पडणें हें फळ आहे. त्याचें कारण वेगळें असतें. कारण हातीं लागल्यावांचून नवा भाग बसविणें म्हणजे पंचनामा न करितां नुकसानभरपाई वाटणें होय. पैसा जातो आणि दोष जागच्या जागीं राहतो.

इंजिन कसें चालतें

चेनसॉचें इंजिन दोन धांवेचें, म्हणजे टू-स्ट्रोक असतें. मोटारींत ऑइलाचा वेगळा सांठा असतो, तसा येथें नसतो. पिस्टन, सिलिंडर आणि क्रँकचीं बेअरिंगें यांस मिळणारें सर्व वंगण पेट्रोलांत मिसळलेल्या तेलांतूनच येतें. पिस्टन वर जातांना खालच्या क्रँककेसमध्यें पोकळी होते व कार्ब्युरेटरांतून हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. पिस्टन खालीं येतांना तेंच मिश्रण सिलिंडरांत चढतें.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, पेट्रोल कमी पोहोंचलें तर तेलही कमी पोहोंचतें. दुसरी ही कीं, क्रँककेसला कोठेंही बारीक फट पडली तर तींतून नुसती हवा आंत शिरते, मिश्रणांतील पेट्रोलाचा अंश घटतो, उष्णता वाढते आणि वंगण तुटतें. मग पिस्टन फुगून सिलिंडरला घांसतो व शेवटीं चिकटतो. जुन्या चेनसॉचे बहुतेक मोठे रोग या दोन वाटांनींच येतात.

विकत घेण्यापूर्वींची परीक्षा

विकणारा "फक्त प्लग बदला" असें म्हणेल. त्यावर विसंबूं नये. चेनसॉ दोरीच्या मुठीनें धरून अधांतरी लोंबकळत ठेवावी. यंत्राचा दाब चांगला असेल तर तें थांबत थांबत, पायऱ्या उतरल्याप्रमाणें खालीं येतें. एकदम सरकन् खालीं आलें तर दाब गेला आहे असें समजावें. ज्या यंत्रांत दोरी हलकी जावी म्हणून दाब सोडणारी कळ बसविलेली असते, त्यांत ती बंद आहे ना, हें आधीं पाहावें.

याहून खात्रीची परीक्षा सायलेन्सरच्या बाजूनें होते. सायलेन्सर बहुधा दोन-तीन बोल्टांवर असतो. तो काढून दोरी हळू ओढीत बाहेरच्या भोकांतून विजेरीच्या उजेडांत पिस्टन पाहावा. त्याची बाजू गुळगुळीत व चकचकीत असावी. उभे ओरखडे दिसले तर पिस्टन घांसला आहे. ओरखडे केवळ सायलेन्सरच्या बाजूस असतील तर यंत्र फार तापल्याचें, बहुधा मिश्रण कोरडें पडल्याचें तें लक्षण समजावें. कार्ब्युरेटरच्या बाजूसही असतील तर तेलाविना पेट्रोल भरल्याचा किंवा फाटक्या एअर फिल्टरांतून भुसा आंत गेल्याचा संशय धरावा.

विनानांवाच्या स्वस्त यंत्राविषयीं आणखी एक चौकशी करावी: त्याचे भाग आपल्या तालुक्याच्या गांवीं मिळतात काय? भाग मिळत नसतील तर फुकट मिळालेलें यंत्रही महाग पडतें.

पहिलें काम: धुणें व पुसणें

कोणतेंही काम आरंभण्यापूर्वीं प्लगची टोपी काढावी व चेन उतरवावी. नंतर बाजूचें झांकण, दोरीचें झांकण आणि वरचें झांकण काढून ब्रशानें सर्व भुसा काढावा. सिलिंडरच्या पात्यांमध्यें तेल व भुसा यांचा थर बसलेला असतो. हवेनें थंड होणाऱ्या इंजिनाचा श्वास या पात्यांतून चालतो; त्या बुजल्या कीं चांगलें यंत्रही तापून मरतें. एअर फिल्टर त्याच्या जातीप्रमाणें झटकून किंवा साबणाच्या पाण्यानें धुवून पूर्ण वाळवावा. फाटला असल्यास बदलावा. सायलेन्सरच्या तोंडाशीं बारीक जाळी असते, ती काजळीनें भरली असेल तर घांसून स्वच्छ करावी. यंत्र सुरू होतें पण जोर धरीत नाहीं, या तक्रारीचें मूळ कित्येकदां या जाळींत सांपडतें.

ठिणगी

नवा प्लग स्वस्त असतो. म्हणून प्रथम तोच बसवावा. त्याच्या टोकांतील अंतर साधारणतः अर्धा मिलिमीटर ठेवतात. ठिणगी पाहतांना पेट्रोलाचें भांडें दूर ठेवावें, प्लगचें भोक फडक्यानें झांकावें, आणि प्लगचा धातू सिलिंडरच्या धातूस टेकवून दोरी ओढावी.

ठिणगी दिसली नाहीं तर लगेच नवी कॉइल आणूं नये. इंजिन बंद करण्याच्या बटनाची तार कॉइलपासून सोडवून पुन्हां पाहावें. आतां ठिणगी आली तर दोष तारेंत किंवा बटनांत आहे, कॉइल निर्दोष आहे. तरीही न आल्यास फ्लायव्हीलच्या चुंबकावरील गंज बारीक पॉलिश कागदानें काढावा, आणि चुंबक व कॉइल यांमधील अंतर पाहावें. तें बहुधा ०.३ मिलिमीटरच्या आसपास असतें. फीलर गेज नसेल तर जाड व्हिजिटिंग कार्ड मध्यें धरून कॉइल आवळतात. एवढ्यावरही ठिणगी नसेल तेव्हांच कॉइल बदलावी.

इंधन

ठिणगी आहे, दाब आहे, तरी इंजिन बोलत नाहीं, अशा वेळीं एक सोपी परीक्षा करावी. प्लग काढून सिलिंडरांत तेलमिश्रित पेट्रोलाचे थोडे थेंब सोडावे, प्लग बसवून दोरी ओढावी. इंजिन दोन-चार क्षण चालून बंद पडलें तर समजावें कीं, इंजिन ठीक आहे, त्यास पेट्रोल मिळत नाहीं. याउलट पुष्कळ ओढल्यावर प्लग ओला निघत असेल तर पेट्रोल जास्त झालें आहे. प्लग पुसून, चोक सोडून व यंत्र उपडें धरून दहा-बारा वेळां दोरी ओढावी म्हणजे आंतील पेट्रोल निघून जातें.

जुनें पेट्रोल टांकींत ठेवून परीक्षा करूं नये. तें सर्व काढून टाकावें. येथें आजच्या पेट्रोलाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपल्या देशांत पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण वाढत जाऊन २०२५ पर्यंत तें सुमारें २० टक्क्यांवर आलें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ओलावा फार झाला कीं पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशीं बसतात आणि तेल वरच्या पेट्रोलांत राहतें. टांकींतील नळीचें तोंड तळाशीं असतें; म्हणजे इंजिन नेमका तेलाविना असलेला थर ओढतें. शिवाय जुन्या यंत्रांतील रबराच्या नळ्या व पडदे अशा पेट्रोलानें कडक किंवा चिकट होतात. म्हणून मिश्रण थोडें करावें आणि तें महिन्याभरांत संपवावें.

तेल टू-स्ट्रोकचें, तेंही हवेनें थंड होणाऱ्या इंजिनासाठीं बनविलेलें असावें. प्रमाण यंत्राच्या पुस्तकांत दिलेलें पाळावें. पन्नासास एक हें प्रमाण असेल तर एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर, पांच लिटरांस १०० मिलिलिटर तेल पडतें; पंचविसास एक असेल तर याच्या दुप्पट. हें माप अंदाजानें न ओततां मापाच्या बाटलीनेंच घ्यावें.

टांकींतील नळीच्या टोकास लहान फिल्टर असतो. वाकविलेल्या तारेच्या आंकड्यानें तो बाहेर ओढून बदलावा. त्याच वेळीं नळी बोटांत वाकवून पाहावी. चिरा दिसल्या तर नवी घालावी. टांकीस हवा आंत घेणारें बारीक छिद्रही असतें. यंत्र दहा-पंधरा मिनिटें चालून बंद पडत असेल आणि टांकीचें झांकण सैल करतांच फुस्स आवाज होऊन पुन्हां सुरू होत असेल, तर हें छिद्र बुजलें आहे.

एवढें करूनही पेट्रोल न मिळाल्यास कार्ब्युरेटर उघडावा. यांत मोटारसायकलप्रमाणें फ्लोट नसतो. त्याचें काम रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम करितो, म्हणूनच हें यंत्र आडवें-तिरपें धरलें तरी चालतें. दोन्ही बाजूंचीं झांकणें काढतांना डायफ्राम व गॅस्केट कोणत्या क्रमानें आहेत याचा मोबाईलवर फोटो घ्यावा. हा क्रम उलटा झाला तर यंत्र सुरू होणार नाहीं. डायफ्राम मऊ व लवचिक असावा. तो कडक, सुरकुतलेला किंवा हलवितांना कडकड वाजणारा असेल तर त्याची दुरुस्ती होत नाहीं. पूर्ण किट आणून बसवावें. आंतील लहान जाळी धुवावी. बारीक भोकांत तार घालूं नये. तीं मापून केलेलीं असतात. कार्ब्युरेटर धुण्याचा फवारा व हवा यांनींच तीं मोकळीं करावीं, आणि फवारा मारतांना डोळ्यांवर चष्मा ठेवावा. सुईच्या लहान दांड्याची उंची बदलूं नये.

हवेची गळती

आतां या विषयांतील सर्वांत दुर्लक्षित भागाकडे वळूं. आमच्या भागांतील एका बागाईतदाराच्या यंत्राचा पिस्टन जळला. त्यानें मिस्त्रीकडून नवा पिस्टन व सिलिंडर बसवून घेतला. यंत्र पहिल्या ओढीस सुरू झालें, सर्वांस आनंद झाला, आणि आठ-दहा दिवसांच्या कामानंतर नवा पिस्टनही जळला. मग सर्व सोडवून पाहतां कार्ब्युरेटर व सिलिंडर यांस जोडणाऱ्या रबरी नळीला, वाकविल्याखेरीज दिसणार नाहीं अशी चीर आढळली. त्या नळीची किंमत पिस्टनच्या किंमतीपुढें कांहींच नव्हती. परंतु पहिल्या दुरुस्तीच्या वेळीं ती कोणी वाकवून पाहिली नाहीं, म्हणून दुसऱ्यांदा खर्च पडला.

गळतीचीं लक्षणें अशीं: रेस सोडली तरी इंजिन लगेच खालीं येत नाहीं, मंद चालीवर आवाज आपोआप चढतो, यंत्र एका कुशीवर कलविलें कीं चाल बदलते, कार्ब्युरेटरचे स्क्रू कसेही फिरविले तरी चाल स्थिर होत नाहीं. असें दिसलें तर त्या यंत्रानें एकही ओंडका कापूं नये. रबरी नळी, सिलिंडरखालचें गॅस्केट आणि क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑईल सील, हीं तीन ठिकाणें तपासावीं. खात्रीची परीक्षा म्हणजे दोन्ही भोकें बंद करून क्रँककेसमध्यें हातपंपानें सुमारें अर्धा बार दाब भरणें व तो टिकतो काय हें पाहणें, आणि पुढें तसाच हवा ओढून घेऊन पाहणें. कारण कांहीं सील दाबाला टिकतात पण ओढीला सुटतात. हें साधन गांवच्या मिस्त्रीकडे नसेल तर ज्या गॅरेजांत असेल तेथेंच पिस्टनचें काम द्यावें.

सिलिंडरविषयीं एक सूचना. चेनसॉच्या चांगल्या सिलिंडरला आंतून कठीण मुलामा असतो. जुन्या मोटारसायकलप्रमाणें तो बोअर करून घेतां येत नाहीं. तसें केल्यास मुलामा जातो आणि सिलिंडर फुकट जातो. मुलामा उडालेला असेल तर सिलिंडर बदलणें हाच उपाय.

स्क्रू लावणें

कार्ब्युरेटरवर बहुधा तीन स्क्रू असतात: मंद चालीच्या पेट्रोलाचा, जलद चालीच्या पेट्रोलाचा आणि मंद चालीचा वेग ठरविणारा. नवीन धर्तीच्या कांहीं यंत्रांत विजेनें आपोआप जुळणी होते व पेट्रोलाचे स्क्रू नसतात. स्क्रू असल्यास पेट्रोलाचे दोन्ही हलक्या हातानें शेवटपर्यंत आंत नेऊन प्रत्येकी एक फेरा बाहेर काढावे. पुस्तकांत वेगळा आंकडा असेल तर तो धरावा. यंत्र गरम झाल्यावर मंद चालीचा स्क्रू असा लावावा कीं, रेस दाबतांच इंजिन न अडखळतां उचल घेईल. वेगाचा स्क्रू असा लावावा कीं, इंजिन चालत राहील पण चेन स्थिर राहील. चेन फिरत राहिली व वेग कमी करूनही थांबली नाहीं तर क्लचची स्प्रिंग पाहावी.

जलद चालीच्या स्क्रूस फार जपावें. तो आंत नेला कीं आवाज तीक्ष्ण होतो व यंत्र जोरांत आहेसें वाटतें. वास्तविक तेव्हां त्याचें पेट्रोल व तेल तुटत असतें. पूर्ण रेसवर रिकामें चालतांना इंजिनाचा आवाज किंचित् भरडा, फरफरणारा असावा, आणि पट्टी लाकडांत टेकतांच तो स्वच्छ व्हावा. ही खूण कानानें शिकावी, आणि शंका आली तर स्क्रू थोडा बाहेरच ठेवावा.

चेन व पट्टी

इंजिन कितीही चांगलें चाललें तरी बोथट चेन लाकूड कापीत नाहीं. आजच्या चेनच्या दांताचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेच्या ओरेगन प्रांतांतील जोसेफ कॉक्स या लांकूडतोड्यानें १९४६ सालीं लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती आपल्या जबड्यानें डावीकडून व उजवीकडून आळीपाळीनें लाकूड कुरतडीत पुढें सरते, हें पाहून त्यानें डावा व उजवा दांत असलेली चेन बनविली. म्हणून धार लावतांनाही दोन्ही बाजूंचे दांत सारख्या लांबीचे राहिले पाहिजेत; एक बाजू आंखूड झाली कीं काप तिरका जातो.

गोल कानस चेनच्या मापाचीच घ्यावी. ०.३२५ इंच पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटर व लहान यंत्रांवरील ३/८ इंच हलक्या चेनला ४ मिलिमीटर कानस चालते. आंतून बाहेर, एकाच दिशेनें, दांतावरील खुणेच्या कोनांत, प्रत्येक दांतास मोजून सारखे हात द्यावे. दांतापुढील उंचवटा दांताहून सुमारें ०.६५ मिलिमीटर खालीं असावा. भुशाऐवजीं चकत्या पडूं लागल्या म्हणजे धार बसली. भुकटी पडत असेल तर धार गेली. वादळांत पडलेल्या माडाच्या खोडास वाळू व चिखल लागलेला असतो. तो झाडल्यावांचून कापल्यास धार पांच मिनिटांत जाते.

पट्टीची खांच तारेनें साफ करावी, तेलाचें भोक मोकळें करावें, आणि प्रत्येक धारेच्या वेळीं पट्टी उलटी बसवावी म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. चेनला तेल पोहोंचतें काय हें पाहण्यासाठीं चालू यंत्राचें टोंक कागदासमोर, न टेकवितां धरावें. तेलाची रेघ उमटली पाहिजे. चेन इतकीच ताणावी कीं हातमोजा घालून ती ओढतां येईल, पण पट्टीखालीं लोंबणार नाहीं. चेन नवी घालतांना स्प्रॉकेटवर अर्ध्या मिलिमीटरहून खोल खांचा पडल्या असतील तर तेंही बदलावें.

हातापायांचें रक्षण

यंत्र सुरू झालें म्हणजे दुरुस्ती संपली, असें मानूं नये. पुढच्या मुठीजवळचा चेन-ब्रेक पूर्ण रेसवर क्षणांत चेन थांबवितो काय, हें पाहिल्याखेरीज यंत्र झाडाजवळ नेऊं नये. ब्रेक तुटलेली चेनसॉ कितीही स्वस्त मिळाली तरी ती चालविण्याजोगी नव्हे. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लाकडास लागला तर यंत्र उसळून तोंडावर येतें. म्हणून टोंकानें कापूं नये, खांद्याहून उंच धरूं नये, शिडीवर चढून चालवूं नये. सुरू करतांना यंत्र जमिनीवर ठेवून मागच्या मुठींत पाय रोवावा. चष्मा, कानांचें आवरण, जाड बूट व पायांचें संरक्षक वस्त्र वापरावें, आणि एकट्यानें रानांत जाऊं नये.

महसुली दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें आणखी एक सूचना करणें मी कर्तव्य समजतों. महाराष्ट्रांत १९६४ सालच्या वृक्षतोड विनियमन कायद्यान्वयें साग, आंबा, फणस, खैर, हिरडा इत्यादि अनुसूचींतील झाडें आपल्या मालकीचीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. झाड आपल्याच गटांत आहे कीं सामाईक बांधावर आहे, हेंही आधीं पाहावें.

काम संपल्यावर

यंत्र महिन्याहून अधिक काळ ठेवावयाचें असेल तर टांकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मंद चालीवर चालवावें, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. फिल्टर व सिलिंडरच्या पात्या झाडाव्या, चेन तेलांत बुडवून पुसावी, आणि यंत्र कोरड्या जागीं, लहान मुलांच्या हाताबाहेर टांगावें. सभासदांनीं यंत्रास एक वही जोडावी. प्लग, फिल्टर व डायफ्राम केव्हां बदलले आणि स्क्रू किती फेऱ्यांवर आहेत, याची तारीखवार नोंद तींत ठेवावी. पुढील दुरुस्तीच्या वेळीं मिस्त्रीस तोंडी हकीगत सांगण्यापेक्षां ही वही पुढें करावी. दोषाचें मूळ तींतून अधिक लवकर सांपडतें.